बिनसाखरेचं घर

मोठ्या गुरुजींच्या घरी पहिल्या दिवशी मला जो चहा मिळाला, त्यात मीठ होतं. मी एक घोट घेतला आणि कपात पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, परीक्षेत पोरगं कॉपी करतंय का ते पाहावं तसं रोखून.

"कसा झाला?" त्यांनी विचारलं.

"छान आहे जी," मी म्हणालो.

तेवढ्यावर त्यांनी मला राहायला खोली दिली. भामरागडकडच्या त्या गावात परक्या माणसाला भाड्याने मिळेल अशी दुसरी खोलीच नव्हती, त्यामुळे मी तो चहा थुंकला असता तर शाळेच्या ओसरीवर झोपायची पाळी आली असती. पण त्यांच्या मते मी पास झालो होतो.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. दोन मास्तरांची शाळा. ते मोठे गुरुजी, मी लहान गुरुजी. गाव माडिया लोकांचं, घरं बांबूच्या कुडाची, चारी बाजूंनी जंगल, आणि पावसाळ्यात नदी चढली की गाव बेटासारखं एकटं. मी ब्रह्मपुरीकडचा, आईच्या पदराखालून थेट तिथे जाऊन पडलेला. स्वभावाने पक्का भित्रा. कुत्रं भुंकलं तरी वाट बदलायचो. अशा माणसाला घरमालक असा मिळाला की जो वाघाला भीत नसे, सापाला भीत नसे, तपासणीला येणाऱ्या साहेबाला तर मुळीच भीत नसे. त्यांना भीती एकाच गोष्टीची होती. साखरेची.

ते तिचं नावसुद्धा घेत नसत. 'पांढरी' म्हणत. "बाजारात पांढरीचं पोतं आलं हाय," असं ते दबक्या आवाजात सांगत, जणू गावात कुणी दरोडेखोर उतरलाय. पांढरी घरात आणायची नाही, गूळ आणायचा नाही, पाहुण्याने खिशात गोळी घेऊन यायचं नाही. मी सुट्टीहून परतलो की माझी पिशवी ते स्वतः उतरवून घेत. त्यात काय काय आहे हे हाताने चाचपूनच ती मला परत मिळायची. आईने दिलेले तिळाचे लाडू एकदा असेच गेले. कुठे गेले ते मी विचारलं नाही.

भीतीचं कारण घरातच होतं. त्यांच्या बायकोला, म्हणजे आम्ही सगळे ज्यांना बाई म्हणायचो त्यांना, मधुमेह होता. साधा नव्हे, रोज इंजेक्शन घ्यावं लागणारा. बाई एकदा चक्कर येऊन पडल्या, त्यांना बैलगाडीने, मग ट्रकने, मग बसने चंद्रपूरला नेलं, तेव्हा कळलं. तेव्हापासून मोठे गुरुजी अर्धे मास्तर आणि अर्धे डॉक्टर झाले होते. पावसाळ्याआधी चंद्रपूरला जाऊन ते चार महिन्यांच्या औषधाच्या बाटल्या आणत. तिथे वीज नव्हती, मग फ्रीज कुठला? रांजणाखालच्या ओल्या वाळूत मडकं पुरलेलं होतं, त्यात त्या बाटल्या ठेवलेल्या. दिवसातून कितीदा तरी ते मडक्यात हात घालून पाहत. "थंड हाय," म्हणत आणि पुन्हा थोड्या वेळाने हात घालत.

घराचा दिवस एका काचेच्या नळीवर ठरायचा. सकाळी ओसरीवर स्पिरिटचा दिवा पेटे. नळीतल्या निळ्या औषधात बाईंच्या लघवीचे थेंब टाकून गुरुजी ती आचेवर धरत. रंग निळाच राहिला तर लघवीत साखर नाही. हिरवा झाला तर थोडी. मग पिवळा, नारिंगी, आणि शेवटी विटेसारखा तांबडा. नळी उकळत असताना घरात कुणी बोलायचं नाही. मी दात घासत असलो तरी ब्रश तोंडात तसाच धरून थांबायचो. निळा आला तर त्या दिवशी शाळेत कविता. हिरवा आला तर गणित. नारिंगी आला तर पोरांना उभं करून पाढे, आणि पाढे चुकले तर अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा आवाज. पोरांनाही ते कळलेलं होतं. शाळेच्या वाटेवर ती मला अडवून विचारायची, "लहान गुरुजी, आज कोणता रंग?"

मग इंजेक्शन. काचेची सिरिंज पाण्यात उकळायची, थंड करायची, बाटलीतून औषध ओढायचं, उजेडासमोर धरून रेघा पाहायच्या. बाई मांडीवरचं लुगडं सारून भिंतीकडे तोंड करून बसत. गुरुजी सुई टोचत, कापसाने चोळत, "झालं," म्हणत आणि उठत. इतक्या वर्षांत हा शब्द त्यांनी बदलला नव्हता. त्यानंतर थोड्या वेळाने बाईंनी जेवायचं, हा नियम. नियम मोडला की ते घड्याळ दाखवत.

साखरेबद्दल त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी कुठून गोळा केलं होतं कोण जाणे, पण सांगायला लागले की ऐकत राहावं. "माझ्या आज्यानं जन्मात पांढरी पाह्यली नाई," ते म्हणत. "मोहाची फुलं खाल्ली, टेंभरं खाल्ली, सणावारी गुळाचा खडा. नव्वद वर्षं जगला. या जंगलात गोड काय होतं? मध. त्याच्यासाठी झाडावर चढा लागे, माशा चावून घ्या लागे. गोड खाणं म्हणजे मेहनत होती, गुरुजी. मंग बांबूचे ठेकेदार आले, तेंदूपानाचे आले. सकाळी मजुराले फुकट चहा. गोडमिट्ट. आता त्याइले पांढरी नसली त चालत नाई. चारोळी देतेत टोपलंभर अन पांढरी नेतेत ओंजळभर. पाह्यजा, आणखी वीस वर्षानं घराघरात नळी लागन."

आठवडी बाजारात ते साखरेच्या पोत्याशेजारी उभे राहत आणि घेणाऱ्याला अडवत. दुकानदार हात जोडायचा, "गुरुजी, तुमी तिकडं मिठाजवळ उभे राहा ना." एवढ्यावर ते थांबते तर बरं झालं असतं. पण बाजार उठल्यावर ते गावात घरोघर जात. "पांढरी आणली काय?" असं दारातूनच विचारत. आणली असेल तर अर्धा तास भाषण. गावातले लोक साधे असले तरी खुळे नव्हते. त्यांनी फार लवकर शिकून घेतलं. साखर कणगीतल्या धानात पुरून ठेवायची, आणि मोठे गुरुजी दारात दिसले की सांगायचं, "नाई जी गुरुजी, नाई आणली." म्हातारी असो, पोर असो, सगळ्यांच्या तोंडात हे एकच उत्तर. गुरुजींना वाटायचं गाव सुधारलं. मला खरं काय ते माहीत होतं, कारण दुपारी मी कुणाच्याही घरी गेलो की मला गोड चहा मिळायचा. तेही हळूच, दार लोटून.

एटापल्लीला एका बुद्धजयंतीला खिरीचं काम त्यांनी हौसेने अंगावर घेतलं. मोठं पातेलं, तांदूळ, दूध, वेलची, सगळं झकास. लोक पंचशील म्हणून पंगतीला बसले, पहिला घास घेतला आणि एकमेकांच्या पानात पाहू लागले. खिरीत साखरच नव्हती. एका काकांनी विचारलं, "गुरुजी, विसरले काय?" गुरुजी उभे राहून म्हणाले, "सुजातानं दिली त्या खिरीत पांढरी होती, असं कोणी लिहून ठेवलं हाय काय?" लोकांनी ती खीर लोणच्यासोबत संपवली. पुढच्या वर्षी पातेलं दुसऱ्याकडे गेलं.

ही गोष्ट मी हसत हसत बाईंना सांगितली तेव्हा त्या हसल्या नाहीत. "लहान गुरुजी, मले सपनात जिलेबी दिसते," त्या म्हणाल्या. "नुसती दिसते. खाऊन नाई होत." आणि सुपातल्या तांदळातले खडे वेचत राहिल्या.

चंद्रपूरच्या डॉक्टरांवर गुरुजींचा राग होता. साखर खाल्ल्यानेच हा रोग होतो असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तो एक गुन्हा. दुसरा गुन्हा ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. "डॉक्टर काय म्हणते मालूम? घाम सुटला, हातपाय थरथरले, बाई काईबाई बोलाले लागली, त लगेच पांढरी चारा म्हणते! ज्या सापानं डसलं त्याच्याच तोंडात पुन्हा बोट द्या! हे डॉक्टर हाय का दुकानदार?" पाहुणा हसायचा. मीही हसायचो. बाई आत चुलीपाशी असत.

एकदाच ते वेगळं बोलले. शाळेच्या कुडाला माती लिंपत होतो आम्ही दोघं. हात चालू होते म्हणून बोलले असावेत. म्हणाले, "छप्पन साली बाप नागपूरले गेला, धम्म घेऊन आला. येतानी पुडीत पांढरी आणली. आमाले सगळ्याइले चिमूट चिमूट देली. म्हणे, आता हे आपणही खाऊ. कोणाच्या दारात हात पसराचा नाई आता." त्यांनी मातीचा गोळा भिंतीवर मारला. "मले नोकरी लागली, लगन झालं. मी म्हटलं, आपल्या घरचा चहा गावात सगळ्यात गोड पाह्यजे. ती कमी टाके, त मी वरून आणखी टाकू. बशीत चमचा उभा राह्यला पाह्यजे, म्हणू मी. म्याच चारली तिले, गुरुजी. या हातानं." मी म्हणालो की डॉक्टर तर तसं म्हणत नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा माती मळायला लागले. त्या दिवसानंतर मला त्यांच्या मिठाच्या चहाचं हसू यायचं बंद झालं.

त्या पावसाळ्यात पंधरा ऑगस्टसाठी शाळेला लिमलेटच्या गोळ्यांचं पुडकं आलं. झेंडावंदन होईपर्यंत ते घरी ठेवणं भाग होतं. गुरुजींनी ते छपराच्या वाशाला टांगलं, जसं मांजरापासून दूध टांगावं. झेंडावंदनाच्या दिवशी सकाळी नळी तांबडी आली, विटेसारखी. गुरुजींनी वर पाहिलं. पुडकं जागच्या जागी होतं, पण त्याची गाठ वेगळी होती.

"खाल्ल्या काय?" त्यांनी विचारलं.

"नाई," बाई म्हणाल्या.

"मंग गाठ कोणं सोडली?"

बाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "खाल्ल्या जी. मन नाई थांबलं."

गुरुजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी पुडकं उतरवलं, पावसात चालत नदीपर्यंत गेले आणि सगळ्या गोळ्या पाण्यात टाकल्या. पोरांना त्या वर्षी मीठ लावलेल्या काकडीच्या फोडी मिळाल्या. पोरं रडवेली झाली. घरी येऊन गुरुजी मला म्हणाले, "आजपासून तिच्या बोलण्यावर मी भरोसा नाई ठेवत. नळी खोटं नाई बोलत." आणि इंजेक्शनचं औषध त्यांनी वाढवलं.

मला तेव्हापासून सुख नव्हतं. नदी चढलेली, रस्ता बंद, डॉक्टर नदीपलीकडे, आणि घरात दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मी शाळेत शिकवतानाही कान घराकडे ठेवायचो.

भादव्यात झड लागली. पोरं येईनात, म्हणून शाळा बंद होती. त्या सकाळी गुरुजींनी नेहमीसारखं इंजेक्शन दिलं. बाई चुलीपाशी गेल्या, पण सरपण भिजून चिंब झालेलं. फुंकणीने फुंकून फुंकून त्यांचे डोळे लाल झाले, चूल काही पेटेना. गुरुजी आणि मी छपराची गळती आवरत होतो. जेवायची वेळ कधी टळून गेली ते कळलंच नाही. रॉकेलचा शेवटचा घोट ओतून एकदाची चूल पेटली, भाताचं आधण ठेवलं, तेव्हा मी आत डोकावलो आणि मला बाईंचा चेहरा दिसला. एवढ्या थंडगार हवेत त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"बाई, बरं नाही का?"

"तू कवा आला रे दादा?" त्या म्हणाल्या. दादा म्हणजे त्यांचा भाऊ. तो कुरखेड्याला होता. "आई कुठी हाय? मले साखर दे ना थोडीशी. दे ना रे."

हात थरथरत होते. हातातली पळी चुलीत पडली.

गुरुजी धावत आले. 'साखर' हा शब्द त्यांनी ऐकला होता, तेवढाच. "पाह्यलं? पुन्हा सुरू झालं," ते म्हणाले. "पुन्हा नाटक."

"नाटक नाही गुरुजी, घाम पाहा."

"नळीच सांगन." त्यांनी बाईंना धरून मागच्या पडवीत नेलं, परत आणलं, दिवा पेटवला. नळी उकळली. मी देवाचं नाव घेत होतो, ज्या देवाला मी एरवी मानत नव्हतो. रंग हिरवा झाला, पिवळा झाला, आणि नारिंगीवर येऊन थांबला.

"नारिंगी!" गुरुजी म्हणाले. "वाढली हाय. कुठून तरी खाल्ली हाय तिनं." आणि ते मडक्यातून बाटली काढून सिरिंज भरायला लागले.

नळीचं कसं असतं ते मला पुढे चंद्रपूरच्या डॉक्टरांनी समजावलं. लघवी सकाळपासून साठलेली असते. नळी मघाचं सांगते, आत्ताचं नाही; आत्ता तर उपाशीपोटी इंजेक्शनने बाईंच्या रक्तातली साखर पार उतरलेली होती. त्या क्षणी मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच आठवत होतं की घाम, थरथर आणि बरळणं हे शब्द मी याच ओसरीवर, याच माणसाच्या तोंडून, हसत हसत ऐकले होते.

"गुरुजी, डॉक्टर म्हणाले होते ना, घाम सुटला तर साखर द्या म्हणून? तुम्हीच सांगत होते."

"बाजूले व्हा."

"गुरुजी, नका देऊ."

"बाजूले व्हा म्हणतो ना!"

मी आयुष्यात कुणाचा हात धरला नव्हता. त्यांचा मनगटाशी धरला. ते माझ्याहून दांडगे होते, मला त्यांनी सहज ढकललं असतं. पण तेवढ्यात बाई बसल्या जागी कलंडल्या. डोळे अर्धे उघडे, बुबुळं वर गेलेली. गुरुजींनी हाक मारली. पुन्हा मारली. ओ नाही. त्यांनी सिरिंज जमिनीवर ठेवली, माझ्याकडे असं पाहिलं की ते मला अजून विसरता येत नाही, आणि उघड्या डोक्याने पावसात पळत सुटले.

मी बाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. श्वास चालू होता, पण मध्येच थांबल्यासारखा वाटायचा, मग माझाही थांबायचा. बाहेरून गुरुजींचा आवाज येत होता.

"साखर हाय काय? साखर द्या जी थोडी!"

आणि त्यापाठोपाठ दारातून आलेलं उत्तर. "नाई जी गुरुजी. नाई आणली."

पुढचं घर. "साखर द्या हो कोणी!"

"नाई जी गुरुजी. नाई आणली."

मी तिथूनच ओरडलो, "अरे द्या रे, खरंच द्या!" पण पाऊस एवढा होता की माझा आवाज अंगणापलीकडे गेला नसावा. घराघरातल्या धानात साखर पुरलेली होती आणि घरोघर तेच ठरलेलं उत्तर होतं. लोकांना वाटलं, गुरुजी आज नवीन युक्तीने तपासायला आलेत. एका घरात तर म्हणे घरच्यांनी कणगी झाकायला तिच्यासमोर पोरगं उभं केलं. गुरुजींचा आवाज लांब लांब गेला आणि मग ऐकूच येईना.

नंतर लोकांनी मला सांगितलं. गावाच्या टोकाला एका म्हातारीच्या दारात गुरुजी चिखलात गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हात पसरून रडायला लागले. म्हातारीला मराठी फारसं येत नव्हतं. पण रडणारा माणूस तपासायला आलेला नसतो, एवढं तिला कळलं. तिने धानात हात घातला.

ते परतले तेव्हा मुठीतली साखर पावसाने अर्धी विरघळली होती. बोटांना चिकटलेली होती. त्यांनी ती बोटं बाईंच्या गालाच्या आत घातली, हिरड्यांवर चोळली, पुन्हा घातली. "खा ना वं," म्हणत होते, "खा, खा, साखर हाय, साखर." मी किती वेळ बसलो होतो माहीत नाही. चुलीवरचा भात करपल्याचा वास आला तरी कुणी उठलं नाही. मग बाईंची जीभ हलली. ओठ चाटल्यासारखे झाले. डोळे आधी माझ्यावर आले, मग गुरुजींवर.

"काऊन रडता जी?" त्या म्हणाल्या. "गोड लागून राह्यलं."

दुसऱ्या दिवशीही पाऊस थांबला नव्हता. सकाळी गुरुजींनी नळी काढली नाही. सिरिंज मात्र उकळली, कारण इंजेक्शन चुकवून चालणार नव्हतं. तेही मरणच होतं, फक्त हळू येणारं. त्यांनी औषध भरलं, उजेडासमोर धरलं, आणि हात एवढा कापायला लागला की रेघा दिसेनात. औषध परत बाटलीत सोडलं. पुन्हा भरलं. पुन्हा सोडलं.

"नाई होत माझ्यानं," ते म्हणाले. "देलं तरी मरन, नाई देलं तरी मरन. लहान गुरुजी, तुमी द्या."

मी मागे सरकलो. खरं सांगायचं तर भिंतीला टेकेपर्यंत सरकलो.

बाई भाताची थाळी घेऊन आल्या. थाळी आधी जवळ ठेवली, मग बसल्या. "आणा इकडं," म्हणाल्या. "रोज भरतानी पाहून राह्यली, मले येते."

"तुले नाई येणार."

"किती भराचं ते सांगा."

गुरुजींनी सांगितलं, आदल्या दिवशीपेक्षा कमी. बाईंनी सिरिंज उजेडासमोर धरली. त्यांचा हात स्थिर होता. मी तोंड फिरवलं. गुरुजींनी डोळे घट्ट मिटून घेतले होते, लहान पोरं घेतात तसे, आणि गुडघे दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"झालं काय?" त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं.

"झालं."

पाऊस छपरावर वाजत होता.

"दुखलं काय वं?"

"रोजच दुखते जी," बाई म्हणाल्या, आणि थाळी पुढे ओढून जेवायला लागल्या.